ओळंबा, दोरा आणि पन्नास झोके: घरच्या घरी 'जी' मोजण्याची रीत

गुरुत्वीय त्वरण, म्हणजेच 'जी', ९.८ हे सगळ्यांना पाठ असतं. ते मोजायला सांगितलं की बहुतेकांना पहिल्यांदा सुचतं ते उंचावरून दगड सोडणं आणि घड्याळ लावणं. या रीतीने काही हाती लागत नाही. दोन मीटरवरून सोडलेला दगड ०.६४ सेकंदात जमिनीवर येतो. बोटाची चूक सहज ०.१ सेकंदाची असते, म्हणजे वेळेत १६ टक्के. सूत्रात वेळेचा वर्ग येत असल्यामुळे उत्तरात ती चूक ३० टक्क्यांच्या घरात जाते. मग ७ आलं काय आणि १३ आलं काय, दोन्ही सारखंच निरुपयोगी.

दोलकाची, म्हणजे दोऱ्याला टांगून झोके घेणाऱ्या वजनाची, गंमत अशी की तो गुरुत्वाकडून तेच काम पन्नास वेळा करून घेतो आणि बोटाची चूक मात्र एकदाच होते. काळजीपूर्वक केलं तर दोरा, गवंड्याचा ओळंबा आणि मोबाइलमधलं स्टॉपवॉच एवढ्यावर ९.७५ ते ९.८२ च्या दरम्यान उत्तर येतं. ते तसं आलं नाही तर चूक कुठे झाली हेही बहुतेक वेळा उत्तराच्या आकड्यावरूनच ओळखता येतं. ते कसं, हे पुढे सविस्तर येईल.

सामान

ओळंबा हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. पाव किलोच्या आसपासचा, लोखंडी किंवा पितळी घ्या. सोबत दोऱ्यात ओवलेला ठोकळा येतो, तो काढून टाका. ओळंबा नसेल तर मोठा नट किंवा छोटं कुलूप चालेल. कागदाचा बोळा, रबरी चेंडू, खोडरबर असलं हलकं काही मात्र नको. हलक्या वस्तूला हवा लवकर थोपवते आणि पन्नास झोके पुरे होण्याआधीच दोलक मरगळतो.

दोरा न ताणणारा हवा. गोधडी शिवायचा जाड दोरा किंवा पॉलिएस्टरचा शिवणदोरा उत्तम. तंगूस (नायलॉनचा दोरा) दिसायला पक्का असतो, पण वजन लावलं की काही मिलिमीटर लांबतो आणि पुढेही थोडाथोडा लांबत राहतो. सुतळीचा पीळ उलगडतो आणि ओळंबा स्वतःभोवती गरगरत बसतो.

लांबी मोजायला सुताराकडे असतो तो पोलादी टेप घ्या. शिंप्याचा कापडी टेप वापरून वापरून ताणलेला असतो. पोलादी टेपच्या टोकाची आकडी थोडी हलते. ती बिघडलेली नसते, मुद्दामच तशी केलेली असते, म्हणजे आत टेकवून मोजलं काय किंवा बाहेर अडकवून मोजलं काय, आकडीची जाडी हिशेबात येते. पण आपल्या कामात हा हलणारा एक मिलिमीटर नको आहे. म्हणून शून्यापासून न मोजता १० सेंटिमीटरच्या खुणेपासून मोजा आणि उत्तरातून १० वजा करा. वजा करायचं विसरलात तर 'जी' थेट १०.८ च्या आसपास येईल, तेव्हा आठवण आपोआप होईल.

टांगणं

या प्रयोगात सर्वांत जास्त हेळसांड होते ती इथे. भिंतीतल्या खिळ्याला गाठ मारून दोरा सोडला की झोका घेताना तो खिळ्याच्या पोटावर थोडा गुंडाळला जातो आणि थोडा उलगडतो, म्हणजे दोलकाची लांबी प्रत्येक झोक्यात बदलते. शिवाय लांबी कुठून मोजायची, खिळ्याच्या वरून, मधून की खालून? दोरा एकाच ठिकाणी वाकला पाहिजे. त्यासाठी तो दोन सपाट गोष्टींच्या मध्ये चिमटीत धरतात. शाळेच्या प्रयोगशाळेत मधोमध चिरलेलं बूच असतं. घरी आइस्क्रीमच्या दोन काड्या समोरासमोर ठेवून, मध्ये दोरा घालून बाइंडर क्लिपने आवळा आणि हा जोड कपाटाच्या किंवा भक्कम फळीच्या कडेला सी-क्लॅम्पने घट्ट करा. काड्यांची खालची कड हाच टांगणीचा बिंदू. लांबी तिथूनच मोजायची.

आधार हलता कामा नये. दोलक चालू असताना आधाराला हलकेच बोट लावून बघा. बोटाला धडधड जाणवली तर आधारही ओळंब्यासोबत डुलतो आहे, आणि अशा दोलकाचा काळ वाढतो, म्हणजे 'जी' कमी येतो. पंख्याचा हूक, दाराची वरची कड, प्लास्टिकचं स्टूल या तिन्हींवर विश्वास ठेवू नका.

टांगून झाल्यावर अर्धा तास तसंच राहू द्या. दोरा जो काही ताणायचा तो ताणून घेईल आणि पीळही सुटेल. पंखा बंद, खिडकी बंद. खाली फरशीवर जुनी चादर घडी करून ठेवा, ओळंब्याचं टोक फरशीचा टवका काढतं.

लांबी म्हणजे नेमकी कुठपर्यंत

टांगणीच्या बिंदूपासून ओळंब्याच्या गुरुत्वमध्यापर्यंत. गाठीपर्यंत नाही, टोकापर्यंतही नाही. गोल गोळी असती तर तिचा मध्य धरला असता. ओळंबा खाली निमुळता असतो, म्हणून त्याचा गुरुत्वमध्य निम्म्या उंचीच्या थोडा वर, जाड भागाकडे असतो. तो शोधायला ओळंबा स्टीलच्या पट्टीच्या कडेवर आडवा ठेवा आणि पुढेमागे सरकवत समतोल साधा. जिथे तो तोल धरतो तिथे मार्करने रेघ मारा. हे दोन मिनिटांचं काम आहे, आणि टाळलं तर पुढचं सगळं वाया जातं.

मोजणी ओळंबा टांगलेल्या अवस्थेतच करा, टेबलावर दोरा पसरून नाही. पहिल्या प्रयोगासाठी लांबी बरोबर १ मीटर ठेवायचा प्रयत्न करा. ९९.६ किंवा १००.३ सेंटिमीटर आली तरी हरकत नाही, फक्त ती मिलिमीटरपर्यंत लिहून ठेवा. एक मीटरमध्ये एक मिलिमीटरची चूक म्हणजे 'जी'मध्ये ०.०१ ची चूक, यापेक्षा जास्त काटेकोरपणाची गरज नाही.

झोका किती मोठा

दोलनकालाचं, म्हणजे एका पूर्ण झोक्याला (जाऊन परत येण्याला) लागणाऱ्या वेळेचं, नेहमीचं सूत्र फक्त लहान झोक्यांसाठी खरं आहे. कोन वाढला की प्रत्येक झोक्याला थोडा जास्त वेळ लागतो. ५ अंशांवर या वाढीमुळे 'जी' ०.०१ ने कमी येतो, तो खपून जातो. १० अंशांवर ०.०४ ने कमी, २० अंशांवर ०.१५ ने, आणि ३० अंशांवर उत्तर थेट ९.४५ वर घसरतं. एक मीटरच्या दोलकाला ५ अंश म्हणजे मधल्या जागेपासून बाजूला जेमतेम ९ सेंटिमीटर. डोळ्यांना हा झोका फारच चिमुकला वाटतो आणि मुलं हमखास हात लांब नेतात. फरशीवर मध्यबिंदूला खडूची रेघ आणि ९ सेंटिमीटरवर दुसरी खूण करून ठेवली की हा मोह आवरतो.

सोडताना ढकलायचं नाही. ओळंबा पट्टीच्या सपाट बाजूने खुणेपर्यंत न्या आणि पट्टी चटकन मागे ओढा. बोटांनी सोडलं की बाजूला किंचित धक्का बसतो आणि ओळंबा सरळ रेषेत न जाता लंबगोल फिरू लागतो. वरून पाहिलं की लगेच दिसतं. तसं झालं तर थांबवा आणि पुन्हा सोडा. पहिले चार-पाच झोके मोजणीत धरू नका, त्यांना स्थिर होऊ द्या.

मोजणी

बहुतेकांना वाटतं, झोका टोकाला पोचला की घड्याळ दाबावं, कारण तिथे तो थांबतो. खरं तर तिथेच तो इतका सावकाश वळतो की नेमका कधी वळला हे सांगता येत नाही. मधल्या रेघेवरून जाताना त्याचा वेग सर्वांत जास्त असतो, म्हणून क्षण अचूक पकडता येतो. घड्याळ मध्यावरच दाबा. एका दोलनात ओळंबा मध्यावरून दोनदा जातो, एकदा उजवीकडे आणि एकदा डावीकडे. मोजायचं फक्त एकाच दिशेचं जाणं.

आणि सुरुवात 'शून्य' म्हणून करा. घड्याळ सुरू होतं त्या क्षणी एकही झोका पुरा झालेला नसतो. तोंडाने आधीपासून ताल धरा: तीन, दोन, एक, शून्य. शून्याला घड्याळ सुरू, पन्नासला बंद. मोजणारा आणि घड्याळ दाबणारा एकच माणूस असू द्या. दुसऱ्याने ओरडायचं आणि आपण दाबायचं केलं तर ऐकून दाबण्यात सुमारे ०.२ सेकंद जातात. स्वतः ताल धरला की बोट त्या तालातच दाबतं, आणि सुरुवातीचा उशीर व शेवटचा उशीर बऱ्याच अंशी एकमेकांना खाऊन टाकतात.

मराठीत पन्नासपर्यंत तालावर मोजणं वाटतं तितकं सोपं नाही. एकोणतीस, अडतीस, एकोणचाळीस इथे जीभ अडखळते आणि एखादा आकडा राहतो किंवा दोनदा येतो. त्यापेक्षा एक ते दहा असं पाच वेळा मोजा आणि प्रत्येक दहाला मोकळ्या हाताचं एक बोट मिटा.

असं पाच वेळा करा. एक मीटर लांबीला पन्नास झोक्यांचे आकडे १००.३, १००.५, १००.४ अशा थाटात, एकमेकांपासून ०.२-०.३ सेकंदांच्या आत आले पाहिजेत. एखादा ९८.४ किंवा १०२.४ आला तर तो घड्याळाचा दोष नाही, तुमचा एक झोका कमी-जास्त मोजला गेला आहे. तो आकडा खोडा, पण वहीत दिसू द्या. घड्याळ शेकडाव्या भागापर्यंत आकडे दाखवतं याला भुलू नका, बोट तेवढं अचूक नसतं.

गणित, आणि चुकीच्या उत्तराचं निदान

सूत्र असं: जी = ३९.४८ × लांबी ÷ (दोलनकाल)². हा ३९.४८ म्हणजे 'पाय'च्या (π) वर्गाची चौपट. लांबी मीटरमध्ये, काळ सेकंदात. समजा लांबी १.००० मीटर आणि पन्नास झोक्यांना १००.४ सेकंद. एका झोक्याला २.००८, त्याचा वर्ग ४.०३२, आणि जी ९.७९.

इथे 'दोन सेकंद धरू या' असं केलंत की उत्तर ९.८७ होतं. प्रयोगात कमावलेली सगळी अचूकता त्या एका 'धरू या'ने घालवली जाते. आकडे शेवटी काटायचे, मध्ये नाही.

आता चुकांकडे.

१०.२ आलं तर सुरुवात 'शून्य' ऐवजी 'एक' म्हणून झाली आहे. पन्नास म्हटलं तेव्हा प्रत्यक्षात ४९ झोके झाले होते. वर्गात अर्ध्याअधिक वह्यांमध्ये हाच आकडा सापडतो.

३९ च्या आसपास आलं तर जाणं एक आणि येणं दुसरं असं मोजलं गेलं. काळ निम्मा झाला, उत्तर चौपट. ९७९ आलं तर लांबी सेंटिमीटरमध्येच राहिली.

९.६ आणि त्याहून खाली सरकत असेल तर आधी झोक्याचा कोन तपासा, मग आधाराचा हलणेपणा.

९.४ मात्र फसवं आहे, कारण त्याची तीन कारणं असू शकतात. एक झोका मोजायचा राहून गेला, म्हणजे प्रत्यक्षात ५१ झाले, तरी ९.४ येतं. लांबी गुरुत्वमध्याऐवजी गाठीपर्यंतच मोजली आणि गुरुत्वमध्य गाठीच्या ४ सेंटिमीटर खाली असला, तरीही ९.४. आणि ३० अंशांच्या झोक्यालाही जवळपास तेच. कोन डोळ्यांनी दिसतो, तो आधी बाद करा. उरलेल्या दोघांत निवाडा करायला दोरा आखडून लांबी ४० सेंटिमीटर करा आणि तीच रीत पुन्हा वापरा. मोजणीची चूक तेव्हाही चार टक्केच राहील आणि ९.४ येईल. लांबीची ४ सेंटिमीटरची चूक मात्र आता दहा टक्क्यांची झाली, उत्तर ८.८ पर्यंत खाली जाईल.

एका लांबीवर थांबू नका

ही युक्ती पुढे नेली की आलेख होतो. ४०, ६०, ८०, १०० आणि १२० सेंटिमीटर अशा पाच लांब्या घ्या. पन्नास झोक्यांना साधारण ६३.५, ७७.८, ८९.८, १००.४ आणि ११०.० सेकंद लागतील. आडव्या अक्षावर दोलनकालाचा वर्ग, उभ्या अक्षावर मीटरमधली लांबी. बिंदू सरळ रेषेत आले पाहिजेत. रेषेचा चढ ०.२४८ च्या आसपास येतो, त्याला ३९.४८ ने गुणलं की जी.

या आलेखाचा खरा फायदा पुस्तकात क्वचित सांगितलेला असतो. गुरुत्वमध्याची खूण चुकून १ सेंटिमीटर वर-खाली झाली असेल तर पाचही बिंदू सारखेच वर किंवा खाली सरकतात. रेषा मूळबिंदूतून जात नाही, पण तिचा चढ तोच राहतो. म्हणजे लांबीची कायमची चूक उत्तरात शिरतच नाही. रेषा उभ्या अक्षाला कुठे छेदते त्यावरून चूक किती होती तेही कळतं. रेषा ओढताना ती मूळबिंदूतून जबरदस्तीने नेऊ नका, नाहीतर हा फायदा तिथेच संपला.

४० सेंटिमीटरच्या खाली मात्र जाऊ नका. ओळंबा हा बिंदू नाही, त्याला स्वतःची लांबी आहे. दोरा आखूड झाला की ओळंब्याचं स्वतःचं वळणंही हिशेबात धरावं लागतं. २० सेंटिमीटरच्या दोऱ्यावर, आठेक सेंटिमीटरच्या ओळंब्यामुळे एक टक्क्यापर्यंत फरक पडू शकतो. एक मीटरवर तो जाणवत नाही.

ओळंब्यावर कोणती बलं आहेत

हवेचा किरकोळ विरोध सोडला तर फक्त दोन: पृथ्वीची खाली ओढ आणि दोऱ्याचा दोऱ्याच्या दिशेने ताण. 'पुढे नेणारं बल' असं तिसरं काही नसतं. ओळंबा मध्यापासून वर चढत असतो तेव्हा वाटेच्या दिशेतलं बल गतीच्या उलट असतं, तरी तो चढतो, कारण त्याला आधीचा वेग आहे. बल वेग टिकवण्यासाठी लागत नाही, बदलण्यासाठी लागतं.

टोकाला वेग शून्य असतो म्हणून बलही शून्य, असं उत्तरपत्रिकांत सर्रास दिसतं. तसं असतं तर ओळंबा तिथेच लटकून राहिला असता. वाटेच्या दिशेतलं बल टोकालाच सर्वांत जास्त असतं. मध्यावर वाटेच्या दिशेत बल शून्य होतं, पण तिथे दोऱ्याचा ताण ओळंब्याच्या वजनापेक्षा थोडा जास्त असतो, कारण वर्तुळाकार वाटेवर वळवायचंही काम दोऱ्यालाच करायचं असतं. आपलं पक्कं झालं का हे तपासायला एक प्रश्न पुरतो: दोरा टोकाला असताना कापला तर ओळंबा कुठे पडेल, आणि मध्यावर असताना कापला तर? टोकाला कापला तर सरळ खाली. मध्यावर कापला तर आडवा फेकल्यासारखा, वक्र वाटेने पुढे जाऊन.

जड ओळंब्याचा झोका जलद असतो का? सूत्रात वस्तुमान येत नाही. दुप्पट वस्तुमानाला पृथ्वी दुप्पट ओढते, पण त्याला हलवायलाही दुप्पट बल लागतं, हिशेब चुकता. हे करून बघताना एक खड्डा टाळा. त्याच दोऱ्याला मोठा ओळंबा बांधला की गुरुत्वमध्य खाली जातो, लांबी वाढते, काळ वाढतो, आणि 'जड दोलक हळू चालतो' असा चुकीचा निष्कर्ष वहीत जातो. ओळंबा बदलला की दोरा सरकवून लांबी पुन्हा तीच करा.

आलेल्या आकड्याला किती मानायचं

महाराष्ट्रात 'जी' ९.७८ ते ९.७९ च्या दरम्यान आहे. विषुववृत्तावर समुद्रसपाटीला तो ९.७८० आणि ध्रुवांवर ९.८३२ असतो, पुस्तकातलं ९.८ हा सोयीसाठी काटलेला आकडा. पण घरच्या प्रयोगातली एकूण चूक ०.०३ च्या आसपास असते. म्हणून ९.७८ आलं तर '९.७८, अधिक-उणे ०.०३' असं लिहा. तेवढ्यावर पुस्तक चुकीचं ठरवता येत नाही. आणि ९.८०६६५ असा आकडा वहीत असेल तर तो मोजलेला नाही, कुठूनतरी उतरवलेला आहे.

दोलकाची कारागिरी पुरेशी सुधारली की जागेजागेचा फरकही दिसू लागतो. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ झां रिशे १६७२ मध्ये दक्षिण अमेरिकेत विषुववृत्ताजवळच्या कायेनला गेला, तेव्हा पॅरिसमध्ये बरोबर चालणारं लंबकाचं घड्याळ तिथे दिवसाला सुमारे अडीच मिनिटं मागे पडू लागलं. लंबक तीन मिलिमीटरच्या आसपास आखूड करावा लागला. गरम हवेने दांडा लांबला असेल अशी शंका घेतली गेली, पण उष्णतेने इतका फरक पडत नाही. पुढे न्यूटनने पृथ्वी ध्रुवांपाशी चपटी आहे या मांडणीत हाच पुरावा वापरला. भारतात एकोणिसाव्या शतकात महात्रिकोणमितीय सर्वेक्षणातल्या कॅप्टन बसेवीने दोलक घेऊन दक्षिणेपासून हिमालयापर्यंत 'जी' मोजला. १८७१ मध्ये लडाखच्या उंच पठारावर अशीच निरीक्षणं चालू असताना थंडीने त्याचा मृत्यू झाला.

मुंबईचं लंबकाचं घड्याळ पुण्याला नेलं तर ते दिवसाला सात-आठ सेकंद मागे पडेल, मुख्यतः उंचीमुळे. पितळी दांड्याचं घड्याळ हिवाळ्यातून उन्हाळ्यात गेलं आणि तापमान १० अंशांनी वाढलं तरी ते तेवढंच मागे पडतं. म्हणून जुन्या घड्याळात लंबकाच्या तळाशी चाकी असते. घड्याळ मागे पडत असेल तर ती फिरवून लंबक किंचित वर घ्यायचा, पुढे पळत असेल तर खाली सोडायचा, आणि पुन्हा हात लावण्याआधी पूर्ण एक दिवस वाट बघायची.